खोलीत आपण असतानाच हॉटेलने तीच खोली दुसऱ्याला दिली, तर काय करावे?

पायवाट (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. लेखापरीक्षणाच्या कामासाठी मला महाराष्ट्रभर फिरावे लागते आणि बहुतेक वेळा मी एकटीच असते. नुकतीच मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, बऱ्यापैकी नाव असलेल्या एका हॉटेलात मी उतरले होते. संध्याकाळी दिलेल्या खोलीतील एसी गळत असल्यामुळे रिसेप्शनवरील मुलाने मला वरच्या मजल्यावरची दुसरी खोली दिली. रात्री साडेअकराच्या सुमारास मी झोपण्याच्या तयारीत असताना कुलपाचा 'टिक' असा आवाज झाला आणि दार उघडले. दाराला आतून साखळी लावलेली होती, म्हणून ते चार बोटांहून जास्त उघडले नाही. बाहेर बॅगा घेतलेला रूम बॉय आणि एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्या गृहस्थांकडे त्याच खोलीचे की-कार्ड होते आणि तेही माझ्याइतकेच गोंधळलेले होते. साखळीखेरीज दाराला आतून फिरवण्याचा एक खटकाही होता आणि तो मी फिरवलेला होता, परंतु तो नुसताच गोल फिरत असे, आतला बोल्ट बाहेर येत नसे.

रिसेप्शनवरून उत्तर मिळाले की, "मॅडम, सिस्टिममध्ये तुमची खोली रिकामी दिसत होती." सकाळी नाश्ता करून परत आले तर माझेच कार्ड चालेना. व्यवस्थापकांनी दिलगिरी व्यक्त केली, नाश्त्याचे पैसे घेतले नाहीत आणि विषय तिथेच संपला असे गृहीत धरले. माझ्या दृष्टीने तो संपलेला नाही, कारण त्या रात्री ती साखळी तुटकी असती तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हे असे नेमके कशामुळे होते आणि पाहुण्याला आधी लक्षात येण्यासारखे काही असते का? हॉटेलवर कायद्याने काही जबाबदारी येते का? आणि हे घडल्यापासून घरचे लोक मला छुप्या कॅमेऱ्यांबद्दलचे व्हिडिओ पाठवत आहेत. त्यातले खरे किती धरावे?

निवृत्त यजमान (नाशिक)

पायवाटताई, मी अनेक वर्षे हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. आपल्या मजकुरातच त्याचे कारण आहे: खोली बदलली. रूम शिफ्ट हा फ्रंट ऑफिसमधला सर्वांत धोक्याचा व्यवहार असतो. रिसेप्शनवरचा मुलगा गर्दीच्या वेळी पाहुण्याला नवे कार्ड करून देतो आणि संगणकातील नोंद 'नंतर करू' म्हणून ठेवतो, किंवा नुसती रजिस्टरमध्ये लिहितो. मग त्याची पाळी संपते. रात्रपाळीच्या माणसाला संगणकावर आपले नाव जुन्या खोलीवर दिसते आणि नवी खोली 'रिकामी, साफ केलेली' दिसते. उशिरा आलेल्या पाहुण्याला तो विश्वासाने तीच खोली देतो. आमच्याकडे याला डबल चेक-इन म्हणत, आणि चांगल्या हॉटेलांतही ते घडते, कारण ही चूक यंत्राची नसून पाळी बदलताना राहिलेल्या नोंदीची असते.

आपले कार्ड सकाळी का चालले नाही, हेही सांगतो, कारण तो आपल्याकडचा महत्त्वाचा पुरावा आहे. बहुतेक हॉटेलांमधील दाराचे कुलूप रिसेप्शनच्या संगणकाला जोडलेले नसते. ते बॅटरीवर चालते आणि त्याला फक्त कार्डावर लिहिलेले कळते. रिसेप्शनवर कार्ड दोन प्रकारे बनवता येते. एक म्हणजे आहे त्या पाहुण्यासाठी दुसरी प्रत, जी बनवली तरी पहिले कार्ड चालूच राहते. दुसरे म्हणजे नव्या पाहुण्याचे कार्ड, जे दाराला पहिल्यांदा लावले की कुलूप आधीचे कार्ड रद्द करून टाकते. म्हणजेच त्या गृहस्थांसाठी 'नवा पाहुणा' म्हणून कार्ड बनवले गेले, आणि त्यांनी ते दाराला लावले त्याच क्षणी आपले कार्ड निकामी झाले. आपण खोलीत राहत असताना, मुदत संपलेली नसताना कार्ड अचानक चालेनासे झाले, तर 'चुंबक लागले असेल' या उत्तरावर समाधान मानू नये आणि कुलपाची नोंद पाहण्याचा आग्रह धरावा. अशा बहुतेक कुलपांच्या आत कोणते कार्ड कोणत्या वेळी लागले याच्या नोंदी साठलेल्या असतात आणि हातातल्या एका छोट्या यंत्राने त्या काढता येतात.

आता खटक्याबद्दल. तो फिरवल्यावर आतला बोल्ट बाहेर येतो आणि पाहुण्याच्या किंवा साफसफाईच्या कार्डाने दार उघडत नाही; फक्त आणीबाणीचे कार्ड त्याला ओलांडू शकते, आणि ते ड्युटी मॅनेजरकडेच असायला हवे. आपल्या खोलीतील खटका नुसता फिरत होता, म्हणजे ती खोली विक्रीला ठेवायलाच नको होती. माझ्या मते आपल्या तक्रारीत चुकीच्या कार्डाहूनही हा मुद्दा वर असावा, कारण नोंद राहणे ही एका माणसाकडून घाईत झालेली गोष्ट आहे आणि मोडका बोल्ट ही अनेक दिवस अनेकांनी चालवून घेतलेली गोष्ट आहे.

पाहुण्याने काय करावे, तर खोली बदलून दिली की काउंटरवरच विचारावे, "माझे नाव नव्या खोलीवर चढले का?" आणि तो संगणकात पाहून 'हो' म्हणेपर्यंत हलू नये. शक्य असल्यास नव्या खोलीत गेल्यावर रिसेप्शनला फोन लावून, मी कोण बोलते आहे हे तुमच्या यंत्रावर दिसते का, असे विचारावे. बहुतेक ठिकाणी खोलीच्या क्रमांकासोबत पाहुण्याचे नाव दिसते. तिथे भलते नाव आले किंवा काहीच आले नाही, तर नोंद झालेली नाही असे समजावे.

आणखी एक परीक्षा सांगतो, जी मी स्वतः पाहुणा म्हणून जातो तेव्हा हटकून घेतो. थोड्या वेळाने काउंटरवर जाऊन म्हणावे, "अमुक खोली, कार्ड आत राहिले, दुसरे द्या." नाव, ओळखपत्र काहीही न विचारता कार्ड हातात ठेवले, तर त्या हॉटेलात कोणीही कोणाच्याही खोलीत जाऊ शकतो. लगेच व्यवस्थापकांना सांगावे आणि एकटे असल्यास दुसरे हॉटेल पाहावे. साफसफाई चालू असतानाची गोष्टही तशीच आहे. दार सताड उघडे असते आणि कोणीतरी आत्मविश्वासाने आत येऊन 'ही माझीच खोली' म्हणतो. शिकवलेला कर्मचारी अशा वेळी दार ओढून घेतो आणि म्हणतो, "सर, कृपया आपले कार्ड लावून उघडा." हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या मुलांकडून घोकून घेत असे, आणि ज्या पाहुण्यांना त्याचा राग येई त्यांना मी स्वतः जाऊन समजावत असे.

सर्किट (चिंचवड)

माझे काम इलेक्ट्रॉनिक्सचे आहे, म्हणून कॅमेऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. भीती निराधार नाही. दक्षिण कोरियात 2019 मध्ये पोलिसांनी उघडकीस आणलेल्या प्रकरणात 10 शहरांतील 30 मोटेलांच्या 42 खोल्यांमध्ये कॅमेरे बसवलेले होते आणि सुमारे 1,600 पाहुण्यांचे चित्रण इंटरनेटवर थेट दाखवले गेले. ते कॅमेरे टीव्हीच्या डब्यात, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आणि हेअर ड्रायर अडकवण्याच्या खाचेत होते. या तीन जागा लक्षात ठेवल्या तर शोध कुठून सुरू करायचा ते कळते. या जागांना किंवा त्यांच्या लगत विजेची सोय असते. लहान बॅटरीवर कॅमेरा काही तासच चालतो, त्यामुळे खोलीत कायमचा बसवायचा असेल तर तो विजेला जोडावाच लागतो. म्हणून खोलीत गेल्यावर छताचा कोपरा न् कोपरा धुंडाळण्याऐवजी, प्लगला काय काय लागलेले आहे आणि त्यातले काय पलंगाकडे किंवा न्हाणीघराच्या दाराकडे तोंड करून आहे, एवढेच पाहावे. अनावश्यक चार्जर, डिजिटल घड्याळ, सेट-टॉप बॉक्स बंद करून प्लग काढून ठेवावा. धुराच्या सूचकाला मात्र हात लावू नये, तो आगीच्या वेळी आपला जीव वाचवतो. संशय असेल तर त्यावर फक्त टॉर्च मारून पाहावे.

टॉर्चची पद्धत खरी आहे. खोलीत पूर्ण अंधार करावा, टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरावा आणि संशयित वस्तूवर सावकाश फिरवावा. भिंग असेल तर सुईच्या टोकाएवढा निळसर किंवा लालसर ठिपका चमकतो आणि आपण डोके हलवले तरी तो त्याच जागी राहतो. अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांचा अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट किंवा पांढरट दिसू शकतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा तो गाळला जातो. अंधारात चित्रण न करणारा कॅमेरा असेल तर ही दुसरी युक्ती चालत नाही.

वाय-फायवरची उपकरणे शोधून देणाऱ्या ॲपवर विसंबू नये. कॅमेरा मेमरी कार्डावर साठवत असेल, स्वतःच्या सिमकार्डावर चालत असेल किंवा हॉटेलच्या वेगळ्या जाळ्यावर असेल, तर ॲपला तो दिसणारच नाही. आणि आरशाला नख लावून पाहण्याची जी पद्धत व्हिडिओंत फिरते, ती पुरेशी नाही, कारण आरशाचा मुलामा काचेच्या पुढे की मागे आहे एवढेच तिने कळते. त्यापेक्षा खोलीत अंधार करून, काचेला टॉर्च टेकवून पलीकडे पोकळी दिसते का ते पाहावे.

हे सगळे सांगूनही मला यजमानसाहेबांच्याच मुद्द्याकडे यावेसे वाटते. गाजलेली प्रकरणे पाहिली तर दोष पुष्कळदा काउंटरपाशी किंवा हॉटेलने आत सोडलेल्या माणसांपाशी येऊन थांबतो. अमेरिकेतील क्रीडा वार्ताहर एरिन अँड्र्यूज यांचे 2008 मध्ये नॅशव्हिलच्या हॉटेलात, बाहेर कोण आहे ते पाहण्यासाठी दाराला असलेल्या भिंगातून चित्रण झाले. ते करणाऱ्या माणसाने त्यांच्या शेजारचीच खोली मागितली होती आणि हॉटेलने ती दिली. त्याने दाराचे भिंग काढून त्यात फेरफार केला. 2016 मध्ये ज्युरीने साडेपाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला 49 टक्के दोष हॉटेलचे मालक व चालक यांच्यावर ठेवला. विराट कोहली यांच्या पर्थमधील खोलीचा व्हिडिओ ऑक्टोबर 2022 मध्ये बाहेर आला, तोही छुप्या यंत्राने काढलेला नव्हता. हॉटेलच्याच कामावरील माणसांनी ते आत नसताना हातातल्या मोबाइलवर त्यांचे कपडे, बूट, देवाच्या मूर्ती असे सगळे टिपले होते. स्वतःच्या खोलीत खासगीपणा नसेल तर तो कुठे अपेक्षावा, असा प्रश्न कोहली यांनी तेव्हा जाहीरपणे विचारला होता.

दाराच्या भिंगाला आतून कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी लावणे हा उपाय फुकटचा आहे आणि तो सर्वांनी करावा. साखळीचेही महत्त्व आहे. मार्च 2024 मध्ये संशोधकांनी एका मोठ्या कंपनीच्या की-कार्ड कुलपांतील त्रुटी जाहीर केली. 131 देशांतील 30 लाखांहून अधिक दारांवर ती कुलपे होती आणि दोन बनावट कार्डे एकामागून एक लावली की दार उघडत होते. त्या कुलपांचा आतला बोल्टही त्याच यंत्रणेच्या आज्ञेत असल्यामुळे तोही उघडू शकत होता, म्हणून साखळी लावत जा, असे संशोधकांनीच सुचवले होते.

कोकणकडा (चिपळूण)

वरील चर्चा की-कार्डांच्या हॉटेलांबद्दल आहे. आमच्यासारखे लोक एसटी स्टँडजवळच्या लॉजमध्ये किंवा किनाऱ्यावरच्या घरगुती निवासात उतरतात, तिथे कडी-कोयंडा आणि मालकाने दिलेले कुलूप एवढेच असते. त्या कुलपाच्या किती किल्ल्या कोणाकडे आहेत हे सांगता येत नाही, म्हणून बाहेर जाताना स्वतःचे कुलूप लावावे. मी बॅगेत पितळी कुलूप कायम ठेवते. मालकाने हरकत घेतली तर "तुमचे कुलूप काउंटरवर जमा करते" असे सांगते, आणि आजवर कोणी अडवलेले नाही. रात्रीसाठी दाराखाली सरकवायची रबरी पाचर बाजारात अगदी स्वस्तात मिळते. दार आत उघडणारे असेल तर ती चांगली धरते. बाहेर उघडणाऱ्या दाराला तिचा काही उपयोग नाही. न्हाणीघराची झडपांची खिडकी मागच्या बोळाकडे उघडत असेल, तर तिच्यावर टॉवेल टाकल्याशिवाय अंघोळ करू नये. कॅमेऱ्याच्या चर्चेत ही साधी झडप सगळे विसरतात, आणि माझ्या पाहण्यात बायकांना प्रत्यक्ष त्रास झाला आहे तो तिच्यामुळेच.

दोन खोल्यांमधले मधले दार हीसुद्धा पाहण्याची गोष्ट आहे. ते कपाटामागे किंवा पडद्यामागे असते. त्याची कडी आपल्या बाजूने आहे का, एवढे सामान ठेवण्याआधी पाहावे.

काळा डगला (छत्रपती संभाजीनगर)

कायद्याच्या प्रश्नाला क्रमाने उत्तर देतो. जे गृहस्थ दाराशी आले ते हॉटेलने दिलेल्या कार्डाने आणि सद्भावाने आले, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध अतिक्रमणाचा गुन्हा होत नाही. त्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. हॉटेलचे मात्र तसे नाही. पैसे घेऊन दिलेल्या खोलीचे दार सुरक्षित ठेवणे हा सेवेचाच भाग आहे आणि त्यातील उणीव ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली येते. आपण पुण्यात राहता, म्हणून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेच तक्रार करता येते. घटनेच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. मुदत 2 वर्षांची आहे, मोबदल्याची (म्हणजे खोलीसाठी दिलेल्या पैशांची) रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करून पाहावी, पुष्कळदा तिथेच तोडगा निघतो.

'मालाची जबाबदारी आमची नाही' अशा पाट्यांना घाबरून जाऊ नये. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यातून 1998 मध्ये पाहुण्याची मोटार चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये सांगितले की, गाडी हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिल्यावर झालेल्या निष्काळजीपणातून 'मालकाच्या जोखमीवर' असे छापून हॉटेलला सुटता येत नाही. ते प्रकरण वाहनाचे होते, तरी छापील ओळीने निष्काळजीपणा धुतला जात नाही, हा युक्तिवाद आपल्याला त्यावरून करता येईल.

छुपे चित्रण झाल्यास गोष्ट फौजदारी होते. स्त्रीच्या खासगी क्षणांकडे पाहणे किंवा त्यांचे चित्रण करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली पहिल्या वेळी 1 ते 3 वर्षे आणि पुन्हा केल्यास 3 ते 7 वर्षे शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ई स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. खोलीत कॅमेरा सापडला तर तो उपटून काढू नये. आहे तसा फोटो घ्यावा, त्यावर कापड टाकावे, खोलीबाहेर येऊन 112 वर फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत हॉटेलच्या माणसांना आत जाऊ देऊ नये. चित्रण इंटरनेटवर गेल्याचे कळल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी.

पायवाट (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. यजमानसाहेब, कार्ड रद्द होण्याचे कारण वाचून त्या सकाळचा सगळा क्रम जुळला. एक प्रश्न राहिला. हॉटेलने माझ्या आधार कार्डाची पूर्ण झेरॉक्स घेतली आहे आणि ती काउंटरवरच्या उघड्या फाइलमध्ये इतरांच्या कागदांबरोबर पडलेली मी पाहिली. माझा पत्ता आणि क्रमांक त्यावर आहे. ती परत मागता येईल का, आणि पुढच्या वेळी काय द्यावे?

काळा डगला (छत्रपती संभाजीनगर)

पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखीचा पुरावा ठेवणे हॉटेलांना पोलिसांच्या नियमांमुळे भाग असते, त्यामुळे झेरॉक्स परत मिळेलच असे नाही. परंतु तो पुरावा आधारच असला पाहिजे असे नाही. वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात खासगी संस्थांना आधार वापरू देणारा आधार कायद्याच्या कलम 57 मधील भाग रद्द केला. आधारच द्यायचे असेल तर क्रमांकाचे शेवटचे 4 अंकच दाखवणारी प्रत आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून काढून घ्यावी. मे 2022 मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने हॉटेलांना आधारची झेरॉक्स देण्याविरुद्ध सूचना काढली होती. तिचा चुकीचा अर्थ निघेल म्हणून केंद्र सरकारने ती दोनच दिवसांत मागे घेतली; ती सूचना आजही काही जण काउंटरवर दाखवून वाद घालतात, तसे करू नये. झेरॉक्सवर हॉटेलचे नाव, तारीख आणि 'केवळ वास्तव्याच्या नोंदीसाठी' असे अक्षरांवरून जाईल अशा रीतीने आडवे लिहावे. आपली प्रत उघड्यावर पडलेली होती, हा मुद्दाही तक्रारीत घालावा.

आणि आता घाई एका गोष्टीची आहे. आजच हॉटेलला ई-मेल पाठवा. त्यात घटनेची तारीख, वेळ, दोन्ही खोल्यांचे क्रमांक लिहा आणि तीन गोष्टी जपून ठेवण्याची लेखी मागणी करा: त्या मजल्यावरील कॉरिडॉरचे सीसीटीव्ही चित्रण, दाराच्या कुलपातील नोंदी, आणि खोली बदलल्याची रजिस्टर व संगणकातील नोंद. सीसीटीव्हीची साठवण भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, आणि कुलपातील जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढत जातात. मागणी पोहोचल्यानंतर ते पुसले गेले, तर आयोगासमोर त्याचा जाब हॉटेलला द्यावा लागेल. मागणीच केली नसेल तर 'आमच्याकडे आता उपलब्ध नाही' एवढे म्हणून ते मोकळे होतील.

निवृत्त यजमान (नाशिक)

वकीलसाहेबांच्या यादीत एक भर घाला: त्या खोलीच्या खटक्याबद्दल देखभाल विभागाच्या वहीत आधी तक्रार नोंदलेली आहे का, ते पान मागा. प्रत्येक हॉटेलात अशी वही किंवा संगणकातील यादी असते. खटका मोडल्याची नोंद आधीच असेल आणि तरीही ती खोली आपल्याला दिली असेल, तर हॉटेलला माहीत नव्हते असे म्हणताच येणार नाही.